चार जलधी, सात शंकू

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, मोजमापाची उपकरणं तपासून देणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे. आसपासच्या कारखान्यांतले व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज आणि स्टॉपवॉच तिथे येतात, तपासले जातात आणि सर्टिफिकेट घेऊन परत जातात. त्या सर्टिफिकेटांवरचा प्रत्येक आकडा गेली सत्तावीस वर्षं नेमगोंडा मगदूम यांच्या नजरेखालून जात होता.

मगदूम मूळचे हातकणंगल्याजवळच्या आळत्याचे. थोरल्या भावाने शेती धरली आणि मगदूमांनी कोल्हापुरात खोली घेऊन बी.कॉम. केलं. काही वर्षं शाहूपुरीतल्या एका मशिनरीच्या दुकानात टायपिंग केलं. पुढे त्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने कागलला प्रयोगशाळा काढली, तेव्हा तो त्यांना म्हणाला, "मगदूम, तुमच्या टायपिंगात खाडाखोड नसते. माझ्याकडे या." मगदूम गेले. तो मालक पुढे वारला आणि त्याचा मुलगा संग्राम खुर्चीवर आला, पण मगदूमांचं टेबल खिडकीजवळच राहिलं.

त्यांची कामाची एक रीत होती. आकडा आला की आधी पेन्सिलीने त्यात स्वल्पविराम द्यायचे. उजवीकडून पहिला तीन अंकांवर आणि पुढचे दोन-दोन अंकांवर, आपल्या हजार-लाख-कोटीच्या हिशोबाने. स्वल्पविराम नसलेला आकडा त्यांना दावं तोडलेल्या जनावरासारखा वाटायचा. कुठे जाईल नेम नाही. मग आकडा मोठ्याने वाचायचा, आणि मगच छापायला सोडायचा. "काकांनी मंत्र म्हटला, सोडा आता!" असं पोरं हसून म्हणायची. हसत असली तरी मंत्राआधी कागद कोणी सोडत नव्हतं.

वारंवारतेची, म्हणजे एका सेकंदात एखादी गोष्ट किती वेळा घडते त्या मापाची, त्यांनी एक रीत बसवली होती. स्टॉपवॉचमधला बारीक स्फटिक सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो. ३२,७६८ हर्ट्झ. त्याचे किलोहर्ट्झ करायचे तर एक स्वल्पविराम ओलांडून डावीकडे जायचं आणि तिथे दशांश चिन्ह ठेवायचं: ३२.७६८. एक स्वल्पविराम, एक पायरी. या रीतीचा त्यांनी एका पानाचा तक्ता केला होता, लॅमिनेट करून भिंतीवर लावला होता, आणि त्याखाली 'तयार करणार: ने. आ. मगदूम' असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. प्रयोगशाळेत स्वतःचं नाव त्यांनी एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत लेसर आला. तो मागवायचा हट्ट संघप्रिया कांबळेचा. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली, बत्तीस वर्षांची, शिरोलीतल्या एका फाउंड्रीत साचे भरणाऱ्या जयसिंग कांबळेंची मुलगी. प्रयोगशाळेत सहा वर्षं तिने व्हर्नियरच्या टेबलावर काढली होती. लेसर आला त्या दिवशी मगदूम नोंदवही घेऊन थंड खोलीत गेले. खोली कायम वीस अंशांवर ठेवलेली. लाकडी पेटीतून एक हातभर लांबीची नळी निघाली, आणि संघप्रियाने बटण दाबल्यावर समोरच्या पांढऱ्या कागदावर डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल ठिपका उमटला.

"एवढाच?" मगदूम म्हणाले.

"एवढाच. लिहा काका, वारंवारता चारशे त्र्याहत्तर पूर्णांक सहा एक दोन दोन टेराहर्ट्झ."

मगदूमांनी लिहिलं. "टेरा म्हणजे?"

"एकावर बारा शून्यं."

"कशाची?"

"हा जो लाल उजेड आहे ना, तो एका सेकंदात तेवढ्या वेळा वरखाली होतो."

मगदूमांनी कागदावर पूर्ण आकडा मांडला. ४७,३६,१२,२०,००,००,०००. मग नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला गेले आणि अडखळले. चार कोटी त्र्याहत्तर लाख एकसष्ट हजार दोनशे वीस... कोटी. कोटीचे कोटी. पंचवीस वर्षांत त्यांचा मंत्र पहिल्यांदा मध्येच थांबला.

"हे मोजलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"मोजतात काका. दिल्लीला मोजतात, जगभर मोजतात. आणि गंमत सांगू? मीटर किती लांब, हे आता धातूच्या पट्टीवरून ठरत नाही. उजेडावरून ठरतं. या ठिपक्याची एक लाट किती लांब, ते कळलं की तिच्यावरून आपण पोलादाचा ठोकळा मोजायचा. त्या ठोकळ्यावरून मायक्रोमीटर तपासायचा. त्या मायक्रोमीटरने पलीकडच्या कारखान्यात इंजिनाचा क्रँकशाफ्ट मोजायचा."

"म्हणजे आपल्या शिरोलीतला क्रँकशाफ्ट या ठिपक्यावर उभा आहे?"

"आमच्या पप्पांना सांगितलं तर म्हणतात, आमी तर बोटानं चाचपून सांगतो, उजेड कशाला पायजे!" संघप्रिया हसली.

त्या संध्याकाळी कंपनीच्या गाडीतून घरी येताना कावळा नाक्याला लाल दिवा लागला. मगदूम काचेतून त्या दिव्याकडे बघत बसले. हाही तेवढ्याच्या आसपास असणार, चारशे-साडेचारशे टेरा... एका सेकंदात. सगळा चौक त्या उजेडासमोर उभा होता, हॉर्न वाजवत होता, आणि त्याच्यात काय चाललंय याचा कुणाला पत्ताही नव्हता. घरी आल्यावर त्यांनी पत्नीला सांगितलं. रोहिणीबाई म्हणाल्या, "बरं. हात धुवा." पण मगदूमांना पुढचे कित्येक दिवस ताटातली लाल चटणी, कपाटावरचं स्वस्तिक, शेजारच्या गाडीचा मागचा दिवा, कशावरही नजर गेली की तो आकडा आठवायचा, आणि अंगावर बारीक काटा यायचा. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी आपल्याला एक मोठी गोष्ट कळली, असं त्यांना वाटत होतं.

तक्ता त्यांनी पुन्हा केला. हर्ट्झ, किलो, मेगा, गिगा, टेरा. चार स्वल्पविराम, चार पायऱ्या. खात्रीसाठी लेसरच्या कागदावरचा गिगाहर्ट्झमधला आकडा घेतला, ४,७३,६१२.२. एक स्वल्पविराम ओलांडला: ४७३.६१२२ टेराहर्ट्झ. बरोब्बर. तक्ता लॅमिनेट होऊन भिंतीवर गेला.

या वर्षी संघप्रियाने दुसरा हट्ट केला. रस्त्यावरून ट्रक गेला की लेसरचं टेबल हलतं, म्हणून ते मागच्या खोलीत न्यायचं. संग्रामला ते पटत नव्हतं. "चालू हाय ते चालू दे की. हलवाहलवीत नळीला कायतरी झालं तर?" पण शेवटी तो तयार झाला, कारण पुढच्या गुरुवारी मान्यता देणाऱ्या संस्थेचे परीक्षक येणार होते. लेसरच्या मोजमापावर सही करायचा अधिकार संघप्रियाला द्यायचा की नाही, हे ते ठरवणार होते. आठ वर्षं तिची मोजमापं दुसऱ्याच्या सहीने जात होती. हा अधिकार मिळाला तर कागलमध्ये उजेडाने लांबी मोजून स्वतःच्या नावाने लिहून देणारी ती पहिली ठरली असती.

टेबल हललं. शुक्रवारी पुण्याहून एक इंजिनिअर आपला प्रमाण लेसर घेऊन आला. दोन्ही लेसरचे उजेड त्याने एकत्र पाडले आणि दोघांच्या वारंवारतेत किती फरक आहे ते यंत्रावर वाचलं. संघप्रिया तेव्हा आरसे धरून टेबलाखाली वाकलेली होती. इंजिनिअरला परतीची गाडी गाठायची होती. त्याने चिठ्ठीवर आकडा लिहिला, मगदूमांच्या टेबलावर ठेवला आणि गेला. 152000000 हर्ट्झ.

मगदूमांनी पेन्सिलीने स्वल्पविराम दिले: १५,२०,००,०००. तक्त्याप्रमाणे टेराहर्ट्झ करायचे म्हणून चार पायऱ्या डावीकडे गेले. तीन स्वल्पविराम होतेच, चौथा पंधराच्या डावीकडे धरला. ०.१५२. त्यांनी आकडा वाचला, संगणकात भरला. परवानगी होती ०.०००५ पर्यंतच्या फरकाची. पडद्यावरची ओळ तांबडी झाली: मर्यादेबाहेर. थोडीथोडकी नव्हे, तीनशे पट.

संग्राम ओरडत बाहेर आला. "तरी मी म्हनत हुतो! हलवू नका, हलवू नका! आता काय? परीक्षकाला काय दाखवायचं, पेटी?"

संघप्रियाचा चेहरा उतरला होता. ती पडद्याकडे बघत राहिली. "सर, एवढा फरक... नळी अशी एकदम बिघडत नाही. हळूहळू सरकते."

"मग काकांचा आकडा चुकला म्हन की!"

तिने मगदूमांकडे पाहिलं, आणि लगेच म्हणाली, "नाही. काकांचा आकडा असेल तर बरोबरच असणार. माझ्याकडूनच कुठेतरी धक्का लागला असेल."

संग्रामने तिथल्या तिथे ठरवलं. लेसर बनवणाऱ्या कंपनीकडे परत पाठवायचा. सोमवारी सकाळी नऊला गाडी येईल. नळी उघडतील, दुरुस्त करतील, पाच-सहा महिने जातील. परीक्षकांना फोन करून लेसरचं काम वगळायचं. "आणि मॅडम, तुमी तवर व्हर्नियरवर बसा." संघप्रियाने मान डोलावली. पेटीत फोम भरताना तिचे हात सावकाश चालत होते, झोपलेल्या पोराला पांघरूण घालावं तसे.

रविवारी मगदूम आळत्याला आईकडे गेले. सीताबाई ब्याऐंशी वर्षांच्या. घराच्या पुढच्या सोप्यात पाय पसरून तूरडाळ निवडत होत्या. जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून दुपारीच त्यांची घाई सुरू होते.

"तोंड का पडलंय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मगदूमांनी सांगितलं. लेसर, संघप्रिया, सही, सोमवारची गाडी. सीताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या पोरीचं वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण त्यो उजेड म्हंजे किती, ते न्हाय कळलं मला."

"आई, एका सेकंदात... कोटीचे कोटी. सांगता येत न्हाय तोंडानं."

"का सांगता येत न्हाय? एकं, दहं, शतं कशाला शिकवलं हुतं?"

"ते कोटीपर्यंतच कामाला येतंय गं."

"तुला येत आसंल. आमच्या मास्तरनं परार्धापत्तोर घोकून घेतलंय. चौथी झालीय मी." त्यांनी परात पुढे सरकवली. "मांड."

मगदूम हसले, पण मांडायला बसले. फरशीवर डाळीचे पंधरा दाणे एका ओळीत ठेवले, प्रत्येक अंकाला एक. मग सवयीने स्वल्पविरामांच्या जागी शेंगदाणे ठेवले. उजवीकडून तीन दाण्यांवर एक, पुढे दोन-दोनवर एक. सीताबाईंनी उजव्या टोकापासून बोट ठेवायला सुरुवात केली आणि डोळे मिटून म्हणू लागल्या, "एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी." बोट शेवटच्या दाण्यावर थांबलं. "जलधी. किती म्हनालास डावीकडचा?"

"चार."

"चार जलधी, सात शंकू. झालं की. एवढं काय त्यात!"

चार जलधी. जलधी म्हणजे समुद्र. शाळेत घोकलेले ते शब्द, ज्यांनी पुढे आयुष्यात कधी काही मोजावं लागलं नाही, ते सगळे त्या लाल ठिपक्यात भरून होते. कुणीतरी हजार वर्षांपूर्वी नुसती जागांना नावं देऊन ठेवली होती, आणि एवढी मोजण्यासारखी वस्तू तेव्हा त्यांच्यासमोर काय असेल?

"तुला नवल न्हाय वाटत, आई? एका सेकंदात!"

"स्वाध्यायात काय सांगत्यात? समय म्हंजे काळाचा बारक्यात बारका कण; पापनी लवती तेवढ्यात असंख्यात समय जात्यात. असंख्यात. मोजनीच सपती. तुमचं मोजून तरी हुतंय." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "आनि ते काय मेगा का फिगा, ते कुठं बसतंय ह्यात?"

मगदूमांनी पहिल्या शेंगदाण्यावर बोट ठेवलं. "हे किलो. म्हंजे हजार."

"व्हय, सहस्र."

"हे मेगा." दुसरा शेंगदाणा. "म्हंजे दहा लाख."

"दहा लाख कुठलं? त्याच्या डावीकडचा दाना लक्ष हाय. दशलक्ष आजून एक फुडं."

मगदूम म्हणाले, "न्हाय गं, मेगा म्हंजे दहा लाखच." आणि मग त्यांनी पुन्हा पाहिलं. शेंगदाण्याच्या उजवीकडे पाच दाणे होते. पाचच. मेगाला सहा शून्यं लागतात. त्यांनी पटकन चौथ्या शेंगदाण्याच्या उजवीकडचे दाणे मोजले. नऊ. टेराला बारा हवेत. आईच्या नावांनी तिथे अब्ज होतं, आणि हवं होतं महापद्म.

दशलक्षाला मिलियन म्हणतात हे त्यांना कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण ती माहिती डोक्यात होती आणि उडी मारत होता हात. शास्त्राच्या पायऱ्या तीन-तीन शून्यांच्या, त्यांचे स्वल्पविराम दोन-दोनचे. पहिली पायरी तेवढी दोन्हीकडे सारखी. सत्तावीस वर्षं त्यांनी तेवढी एकच पायरी चढली होती, हर्ट्झचे किलोहर्ट्झ. खात्रीसाठी घेतलेल्या आकड्यातही त्यांनी एकच पायरी चढून पाहिली होती. त्यापुढची रीत चुकीची आहे हे कळायला कधी जागाच मिळाली नाही.

शुक्रवारचा आकडा त्यांनी दाण्यांवरच पुन्हा मांडला. दोन पायऱ्या खऱ्या हिशोबाने: एकशे बावन्न मेगाहर्ट्झ. चार पायऱ्या: ०.०००१५२ टेराहर्ट्झ. मर्यादा ०.०००५. लेसर ठणठणीत होता.

"काय झालं रं? घाम का आला?"

"आई, चूक माझी हाय. पोरीची न्हाय."

"मग सांग तिला. बसून काय ऱ्हायलास?"

त्यांनी सोप्यातूनच फोन लावला. संघप्रियाने उचलला. मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या.

"संघप्रिया, चिठ्ठीवरचा आकडा आठवतोय? एकशे बावन्नवर सहा शून्यं. टेरामध्ये किती होतात, तू स्वतः कर. माझा तक्ता बघू नको."

पलीकडे कागदावर पेनाची खरखर ऐकू आली. मग ती हळूच म्हणाली, "शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य एक पाच दोन." आणि थोड्या वेळाने, "काका, मी केलंच नाही हो. तुमचा कागद बघितला आणि माझ्या लेसरवरचा विश्वासच गेला. तीन दिवस मी आठवत बसलेय, धक्का कुठे लागला, कुठे लागला..." मग ती एकदम हसली. "काका, तो ठीक आहे! ठीक आहे तो!"

सोमवारी मगदूम साडेआठलाच पोहोचले. फाटकात गाडी उभी होती आणि ड्रायव्हर पेटी उचलायला वाकला होता. मगदूमांनी पेटीवर हात ठेवला. "पावणं, जरा थांबा. चहा घ्या आधी."

संग्राम आला. मगदूमांनी उभ्याउभ्या सांगितलं, एकही शब्द जास्त नाही. मग भिंतीवरचा तक्ता काढून त्याच्यासमोर ठेवला आणि पेन्सिलीने दाखवलं, कुठे तीन हवेत आणि कुठे दोन घेतले. संग्रामने पेन्सिलीच्या खुणा बोटाने मोजून पाहिल्या.

"काका... तुमी?"

"मी."

संग्रामने दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा. तीन म्हयन्यांनी तुमी रिटायर होनार. परीक्षक गुरुवारी सगळ्या चुकांच्या नोंदी बघनार. आपन लिहू की सॉफ्टवेअरचा घोळ झाला. कुनाचं नाव न्हाय, गाव न्हाय. सत्तावीस वर्साला डाग कशाला?"

"सॉफ्टवेअरनं मी दिलेला आकडा घेतला. ते कशाला चुकलं?"

"आवो, त्याला काय लाज हाय का?"

मगदूमांना हसू आलं. मग ते म्हणाले, "संग्राम, सॉफ्टवेअर म्हटलं तर परीक्षक विचारतील, ही मुलगी शंका असूनही गप्प का बसली? तिला उत्तर देता येणार नाही. खरं लिहिलं तर देता येईल."

चुकीच्या नोंदीचा छापील अर्ज त्यांनीच दहा वर्षांपूर्वी तयार केला होता. तो त्यांनी स्वतःच्या नावाने भरला. 'मूळ कारण' या रकान्यात लिहिलं: 'लाख-कोटीच्या स्वल्पविरामांवरून शास्त्रीय एककांच्या पायऱ्या मोजल्या. तक्ता क्रमांक ७ चुकीचा. तयार करणार: ने. आ. मगदूम.' तक्त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि 'रद्द' लिहिलं. लॅमिनेशनवर शाई बसेना, म्हणून मार्कर आणून पुन्हा लिहिलं.

पेटी उघडली. लेसर टेबलावर चढला. तो स्थिर व्हायला दोन तास लागतात. संघप्रियाने शंभर मिलिमीटरचा पोलादी ठोकळा आणला, दिल्लीहून नुकताच तपासून आलेला, ज्याची लांबी खात्रीची होती. लेसर खरोखर शुक्रवारच्या आकड्याएवढा बिघडलेला असता, तर या ठोकळ्याच्या लांबीत केसाच्या जाडीच्या जवळजवळ निम्मा फरक दिसला असता. या खोलीत तेवढी चूक म्हणजे शेताच्या बांधाएवढी.

"या काका. बघायचं होतं ना तुम्हाला?"

मगदूमांनी आजवर लेसरचा ठिपका आणि आकडे पाहिले होते, त्याने मोजताना कधी पाहिलं नव्हतं. ते खुर्चीवर बसून पडद्याकडे वाकले. ठोकळ्याच्या तोंडावर लाल-काळ्या रेघांचे पट्टे पडले होते, नांगरलेल्या रानासारखे सरळ.

"एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर गेलं की मिलिमीटरचा साधारण तीन हजारावा भाग झाला," संघप्रिया म्हणाली. "आता ठोकळ्याला हात लावू नका, नुसता तळवा जवळ धरा."

मगदूमांनी तळवा धरला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग रेघा सरकू लागल्या. आधी संथ, नकळत; मग एक रेघ पूर्ण पुढच्या रेघेच्या जागी गेली. त्यांच्या हाताच्या उबेने पोलाद फुगत होतं आणि उजेड ते सांगत होता. ठोकळ्याकडे पाहिलं तर तो तसाच, मुका, थंड. मगदूमांनी हात मागे घेतला. काही मिनिटांनी रेघा हळूहळू मागे फिरल्या.

सेकंदाला चार जलधी, सात शंकू, तीन महापद्म वेळा थरथरणारं काहीतरी समोर होतं आणि तरी त्याच्या रेघा वहीतल्या रेघांसारख्या शांत उभ्या होत्या. ज्याला एवढी घाई, त्याच्यात एवढी स्थिरता. मंदिरात मूर्तीसमोर बसल्यावर मांडी जशी आपोआप नीट होते, तशी त्यांनी खुर्चीत पाठ सरळ केली.

संघप्रियाने खोली पुन्हा वीस अंशांवर येईपर्यंत मगदूमांना बाहेर काढलं. दुपारी तिने मोजलं. दिल्लीचा आकडा आणि तिचा आकडा जुळले. फरक एका रेघेच्या दहाव्या हिश्शाहून कमी. संग्राम दारातूनच ओरडला, "ड्रायव्हरला सांगा, रिकामाच जा म्हनावं!"

गुरुवारी परीक्षक आले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळ्यात आधी मगदूमांचा अर्ज वाचला, दोनदा. मगदूमांना एकच प्रश्न विचारला, "ही चूक तुम्हाला सापडली कशी?" मगदूम म्हणाले, "आईनं डाळीवर मोजून दाखवली." परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि संघप्रियाकडे वळले.

"मर्यादेच्या तीनशे पट फरक. तुम्हाला शंका आली नाही?"

"आली, सर."

"मग?"

"मी शंकेपेक्षा कागदावर विश्वास ठेवला. काकांचा कागद होता म्हणून." तिने सारवासारव केली नाही. "सही माझी असती तर तीही चूक माझीच झाली असती. यापुढे ज्या आकड्यावर सही करायची, तो मी स्वतः पहिल्यापासून करीन. कोणाचाही असू दे."

परीक्षकांनी तिला तीन तास खोलीत ठेवलं. ठोकळा मोजून घेतला, एककं बदलून घेतली, हर्ट्झपासून टेरापर्यंत आणि परत. मगदूम बाहेर आपल्या टेबलावर बसून होते. त्यांनी त्या वेळात एकही सर्टिफिकेट तपासलं नाही. संग्राम दोनदा येऊन चहा ठेवून गेला आणि दोन्ही कप गार झाले.

तीन वाजता दार उघडलं. परीक्षकांनी कागद संग्रामकडे दिला. तो वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग तो म्हणाला, "मॅडम, उद्यापास्नं तुमचं पेन जपा. दिलाय त्यांनी अधिकार."

पहिलं सर्टिफिकेट शिरोलीच्या एका वर्कशॉपच्या ठोकळ्याचं निघालं. छापलेलं पान मगदूमांनी संघप्रियासमोर ठेवलं. तिने पेन उघडलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. "काका, आधी तुम्ही बघा ना."

मगदूमांनी तो परत तिच्याकडे सरकवला.

तिने कच्चा कागद घेतला. वारंवारता पूर्ण मांडली, तीन-तीन अंकांच्या गटांत, एकही स्वल्पविराम न देता. तिथून लाटेची लांबी काढली, लाटेवरून ठोकळ्याची. वीस मिनिटं गेली. मगदूम शेजारी उभे राहिले आणि तिच्या पेनाखाली एकेक शून्य उमटताना पाहत राहिले. मग तिने छापील पानावर, सही करणाऱ्या व्यक्तीच्या रकान्यात, मराठीत पूर्ण नाव लिहिलं: संघप्रिया जयसिंग कांबळे.